सेंद्रिय वाइन आणि नेहमीची वाइन : बाटलीत काय उरते?

कोल्हापुरात सेंद्रिय वाइन मागणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते की तिच्यात रसायन मुळीच नसते. ती खरी नाही. नेहमीच्या द्राक्षबागेत केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी कृत्रिम बुरशीनाशके फवारतात, आणि बराच भाग गाळाबरोबर निघून गेला तरी काहींचे सूक्ष्म अंश वाइनमध्ये उतरतात. सेंद्रिय बागेत ही औषधे वर्ज्य आहेत, पण गंधक आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते. त्यातले तांबे मातीत साठत जाते, म्हणूनच युरोपीय संघाने 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे.

सल्फाइटची, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फर डायऑक्साइड आणि त्याच्या क्षारांची गोष्ट, गुऱ्हाळावर गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस हे गंधकाचेच रसायन पडताना पाहिलेल्यांना नवी वाटू नये. युरोपात कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या लाल वाइनमध्ये लिटरला नेहमीच्या पद्धतीत 150 आणि सेंद्रिय पद्धतीत 100 मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो. अमेरिकेत मात्र ‘सेंद्रिय वाइन’ म्हणवायचे तर सल्फाइट वरून घालताच येत नाही, किण्वनात आपोआप तयार होते तेवढेच.

फवाऱ्याचे अंश टाळण्यासाठी जादा पैसे मोजणे मला रास्त वाटते. सल्फाइटने दमा उसळणाऱ्याला मात्र निव्वळ ‘सेंद्रिय’ या शब्दावर विसंबता येणार नाही.