वसई की रेवदंडा?
मुंबईहून एका दिवसात पोर्तुगीजांच्या खुणा असलेलं खाडीकाठचं गाव बघायचं, तर वसई सोपी. विरार लोकल पकडा, वसई रोडला उतरा, पुढे बस किंवा रिक्षा. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेली वसई चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकली. पेशवाईला भोवलेला १८०२ चा तहही इथलाच. पण शहर इतकं फोफावलंय की गावपण हुडकावं लागतं. सुकेळी, म्हणजे इथली सुकवलेली केळी, मात्र आठवणीने घ्या.

माझं मत रेवदंड्याला. गेटवेहून लाँचने मांडवा, मग अलिबाग, मग एसटी. अर्धा दिवस प्रवासातच जातो, तरीही. इथे किल्ला गावाबाहेर नाही, गावच तटाच्या आत नांदतंय. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पडक्या चर्चचा मनोरा डोकावतो. नाव सातखणी, पण सातही मजले आता शाबूत नाहीत. शेजारचं चौल तर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं बंदर. रशियन व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात तिथेच उतरला. कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे कोर्लई गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून कानावर पडते. सोबत गुडघे दुखणारी मंडळी असतील, तर मुकाट्याने वसई गाठा.