रायटिंग सेंटर: मास्टर्सला अमेरिकेत येताय तर हे वाचा

इथे येण्याआधी सिम कार्ड, कुकर, बँक अकाउंट सगळ्यावर लोक भरभरून सल्ले देतात पण रायटिंग सेंटरबद्दल, म्हणजे युनिव्हर्सिटीत असाइनमेंट आणि पेपर लिहायला मदत मिळते त्या जागेबद्दल, मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय. बहुतेक युनिव्हर्सिट्यांमध्ये हे असतंच, वेगळे पैसे पडत नाहीत, ऑनलाइन स्लॉट बुक करायचा, साधारण अर्धा तास किंवा तास, समोर बसून किंवा झूमवर. ट्यूटर म्हणजे प्रोफेसर नाहीत, बहुतेक ठिकाणी आपल्यासारखेच स्टुडंट पण याच कामाचं ट्रेनिंग घेतलेले.

आधी एक क्लिअर करते. तिथे कोणी तुमचा पेपर दुरुस्त करून हातात देत नाही. माझ्या ओळखीची बरीच मुलं इथेच वैतागतात, म्हणे ग्रामर पण चेक करत नाहीत मग जायचं कशाला. अरे पण खरी मजा तीच आहे! मी पब्लिक हेल्थचा लिटरेचर रिव्ह्यू (एखाद्या विषयावर आधी झालेल्या स्टडींचा आढावा) घेऊन गेले होते. ट्यूटरने आधी असाइनमेंटचा कागद मागितला, प्रोफेसरला नक्की काय हवंय ते बघितलं, मग मला माझाच पेपर मोठ्याने वाचायला लावला. कुठे अडखळते ते वाचतानाच कळत जातं. त्यानंतर प्रत्येक पॅराच्या बाजूला एका ओळीत लिही म्हणाली की हा पॅरा काय सांगतोय. याला रिव्हर्स आउटलाइन म्हणतात आणि माझ्या मते अख्ख्या सेशनचे पैसे (असते तर) इथेच वसूल. आपल्याकडे डिग्रीला अमक्याने हे म्हटलं, तमक्याने ते म्हटलं अशी यादी लावली की रिव्ह्यू झाला, इथे मात्र त्या सगळ्यांचं वाचून तुझं म्हणणं काय ते हवं असतं, आणि बाजूच्या ओळी वाचल्यावर ते कुठेच नाहीये हे मला कोणी न सांगता दिसलं. मग ती नुसतं विचारत राहिली, हे दोन स्टडी एकमेकांशी जुळत का नाहीत, सॅम्पल वेगळं होतं का, आणि उत्तर देता देता माझा मेन पॉइंट बाहेर आला. तिला एपिडेमिऑलॉजीतलं (रोग कसे, कुठे, कोणात पसरतात तो माझा विषय) काही येत नव्हतं, तरी काही अडलं नाही, उलट मला नीट समजावून सांगावं लागलं.

ग्रामरला अगदीच हात लावत नाहीत असंही नाही. मराठीत इंग्रजीतल्या ए, द (a, the) ची भानगडच नाही त्यामुळे आपली तिथे हमखास चूक होते, तर तिने एका पॅरात कुठे काय हवं आणि का ते दाखवलं आणि पुढच्या पॅरात मला शोधायला लावलं. सायटेशनसाठी, म्हणजे कुठून काय घेतलं ते कसं लिहायचं यासाठी, पर्ड्यू युनिव्हर्सिटीची आउल (OWL, ऑनलाइन रायटिंग लॅब) साइट दाखवली, त्यांची रायटिंग लॅब १९७६ ची आहे आणि साइट १९९४ पासून वेबवर आहे. एपीए या सायटेशन स्टाइलच्या सातव्या एडिशनचे मुख्य नियम उदाहरणांसकट, आणि कोणालाही फ्री, त्यामुळे पुण्यात किंवा नांदेडमध्ये बसून थिसिस लिहिणाऱ्यांनीही वापरा.

आता तक्रारी. ट्यूटर-ट्यूटरमध्ये फार फरक पडतो. एकाला मी आर्ग्युमेंट बघ म्हणून सांगितलं तरी तो सगळा वेळ कॉमावरच बसला, चांगलाच राग आला होता. आणि फायनल्सच्या आधी स्लॉट मिळतच नाही, वेटलिस्टवर लटकत राहायचं.

म्हणून सेमिस्टर सुरू झाल्यावर लगेच जा, ड्राफ्ट अर्धवट असला तरी चालतं, नुसती आयडिया घेऊन गेलात तरी बसवून घेतात. सुरुवातीलाच सांगा की आज मला हे एवढंच बघायचंय, कारण अर्ध्या तासात वीस पानं होत नाहीत. जिच्याशी जमलं तिचं नाव लक्षात ठेवा, बुकिंग करताना बऱ्याच ठिकाणी ट्यूटर निवडता येतो.