अकरा महिने पेड व्हीपीएन, निंगबो (चीन): वापरानंतरचा अनुभव

परवा रिन्यूअलचा मेल आला, १४ जूनला वर्षाचा प्लॅन संपतोय, आत्ता पैसे भरले तर वीस टक्के सूट. मेल आला जीमेलवर, आणि चीनमध्ये जीमेल २०१४ च्या डिसेंबरपासून बंद आहे, म्हणजे व्हीपीएन (इथे बंद असलेल्या गोष्टी दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्गे उघडून देणारं अ‍ॅप) चालू असेल तरच व्हीपीएन संपत आल्याचं कळणार. कंपनीची वेबसाइटही इथे बंद, सपोर्ट चॅट त्याच वेबसाइटवर. मार्चमध्ये याच गोष्टीने मला अक्षरशः रडवलं. म्हणून पैसे भरायच्या आधी सगळं लिहून काढतोय, कारण गेल्या वर्षी निघताना मी मराठीत खूप शोधलं होतं आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद असताना इथून घरच्यांशी रोज बोलायचं कसं यावर नीट काही सापडलं नव्हतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. इथले जे भारतीय भेटले त्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्या आहेत आणि रडगाणं सगळ्यांचं सारखंच आहे. मी मोल्डच्या कामात आहे, निंगबोजवळ युयाओला सप्लायरकडे बसतो. घर मिरजेला, आई-बाबा तिथे, दादा कोल्हापुरात. वर्षाचे साडेआठ हजार भरले होते.

येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी करा, अ‍ॅप भारतातूनच टाकून, लॉगिन करून, एकदा चालवून बघून या. इथे आल्यावर मिळत नाही. गुगल प्ले उघडत नाही आणि अ‍ॅपलने २०१७ च्या जुलैमध्ये चीनच्या स्टोअरमधून व्हीपीएनची अ‍ॅप काढून टाकली.

पहिला महिना मला खरंच वाटलं की पैसे वाया गेले. वीचॅट या चिनी अ‍ॅपवर चहापासून ट्रेनच्या तिकिटापर्यंत सगळं होतं, भाजीवाल्या आजींच्या टोपलीवरही क्यूआर कोड, नेटचा स्पीड आपल्याकडे स्वप्नात बघावा असा. मी दादाला म्हटलंसुद्धा, अरे यांनी नेटभोवती भिंत बांधली तरी आत सगळं आहे की, फेसबुक नाही तर काय बिघडलं. तेव्हा लिहिलं असतं तर मी पाच स्टार इथल्या नेटला दिले असते आणि व्हीपीएनला दोन.

मग गौरी जेवायचा दिवस आला. आईने संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सात, इकडे साडेनऊ. तिला दोन्ही गौरी दाखवायच्या होत्या, या वर्षी हिरव्या साड्या होत्या, एक तिची स्वतःची, लग्नातली. फोन हातात धरून ती आरतीला उभी राहिली, निरांजनाचं ताट गौरीपुढे आलं आणि चित्र थिजलं. ताट अर्धं दिसतंय, आईच्या मनगटातल्या बांगड्या दिसतायत, तोंड नाही. खाली रिकनेक्टिंग. चार मिनिटं मी त्या बांगड्या बघत बसलो. परत लागला तेव्हा आरती संपली होती आणि आई म्हणाली, "दिसलं ना रे सगळं नीट?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर आहे, स्मार्ट लोकेशन. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. अ‍ॅपमध्ये हे आपोआप चालू असतं. कनेक्शन तुटलं की अ‍ॅप स्वतःच्या मनाने "सगळ्यात वेगवान" सर्व्हर निवडतं आणि माझ्याकडे ते दहापैकी सात वेळा लॉस एंजेलिस निवडायचं. म्हणजे माझा आवाज युयाओहून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत, तिथून परत अर्धी पृथ्वी फिरून मिरजेला. सेकंद-दीड सेकंद उशीर. पिक्चर बघायला काही फरक पडत नाही, म्हणून कंपनीच्या लेखी तो सर्व्हर वेगवान. पण बोलताना? आई काहीतरी विचारते, मला उशिरा ऐकू येतं, तोवर तिला वाटतं मी गप्प आहे म्हणून ती पुन्हा बोलते, तेवढ्यात माझं उत्तर पोचतं, दोघं एकदम बोलतो, दोघं एकदम थांबतो. अशा दहा मिनिटांच्या कॉलमध्ये दोन मिनिटांचंच बोलणं होतं. दिवाळीपर्यंत आईने स्वतःच त्यावर उपाय काढला, तिचं वाक्य संपलं की ती म्हणायची "बोल आता". "बाबांचा गुडघा दुखतोय, बोल आता." "तुझ्या मावशीकडे जाऊन आले, बोल आता." सिंगापूरला किंवा टोकियोला कायमचं लॉक करायची सोय द्या म्हणून मी कंपनीला सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा उत्तर एकच, सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे.

कनेक्शन मुळात का तुटतं हे मला डिसेंबरात कळलं, आमच्या ऑफिसातल्या ट्रान्सलेटर मुलीकडून. ही लोकं व्हीपीएनला शिडी म्हणतात, आणि वापरण्याला भिंत चढणं. तिने समजावलं की भिंत म्हणजे एक कुलूप नाही. तुमचा फोन एखाद्या साइटचा पत्ता विचारतो तेव्हा मध्येच खोटा पत्ता दिला जातो. पत्ता बरोबर मिळाला तरी कनेक्शन जोडताना साइटचं नाव उघड दिसतं, ते यादीत असलं की दोन्हीकडे खोटा निरोप जातो की समोरच्याने फोन ठेवला. आणि सगळं कुलूपबंद करून पाठवलं तर भिंत ट्रॅफिकचा आकार बघून संशय घेते, स्वतः त्या सर्व्हरला जाऊन कडी वाजवते की तू शिडी आहेस का, आणि उत्तरावरून ओळख पटली की तो सर्व्हर बंद. २०२१ च्या नोव्हेंबरपासून तर नुसता ओळखू न येणारा डेटा दिसला तरी अडवायला लागले. म्हणजे कंपनी दर काही आठवड्यांनी नवे सर्व्हर लावते आणि समोरून ते मारले जातात. हे कळल्यावर कंपनीवरचा माझा अर्धा राग गेला. स्मार्ट लोकेशनचा नाही गेला.

त्या मुलीची गोष्ट सांगतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती शांघायला लॉकडाऊनमध्ये अडकली होती. त्या वेळी लोकांच्या फोनवरच्या आवाजांचा एक छोटा व्हिडिओ फिरत होता, औषध मागणारे, खायला मागणारे. तो पुसला जात होता आणि लोक तो उलटा करून, आडवा करून पुन्हा टाकत होते. तिनेही टाकला, तिच्या डोळ्यांसमोर गेला. त्या आठवड्यात तिने शिडी घेतली. मी परदेशी आहे, नुसतं वापरलं म्हणून मला कोणी काही विचारलेलं नाही. तिचं तसं नाही. ग्वांगदोंगमध्ये एकाला नुसत्या वापराबद्दल हजार युआन दंड झालाय, आणि विकणाऱ्या एकाला ग्वांगशीत २०१७ मध्ये साडेपाच वर्षांची कैद आणि पाच लाख युआन दंड. आणि या भिंतीचे जनक मानले जाणारे फांग बिनशिंग २०१६ मध्ये हार्बिनला भाषण देताना कोरियन साइट उघडेना म्हणून विद्यार्थ्यांसमोर व्हीपीएन लावून बसले होते. त्यांना चालतं, तिला नाही, हे मला अजिबात पटत नाही.

तिलाच एकदा मिरजेच्या सतारी दाखवायला गेलो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं बनवतात, भोपळे पंढरपूरकडून येतात वगैरे सांगत होतो आणि मराठी विकिपीडियाचं पान उघडलं. उघडेना. विकिपीडिया २०१९ च्या एप्रिलपासून इथे सगळ्या भाषांत बंद आहे, मराठीसुद्धा. सतारीच्या पानाने कोणाचं काय वाकडं होतं? त्या दिवशी पहिल्या महिन्यातलं माझं मत बदललं. आत सगळं आहे हे खरं, पण आत काय असावं हे दुसऱ्याने ठरवलंय आणि काय नाही ते तुम्हाला कळतही नाही जोवर तुम्ही नेमकं तेच शोधत नाही.

आता मार्च. मार्चच्या सुरुवातीला बीजिंगला त्यांच्या संसदेचं वार्षिक अधिवेशन असतं, तेव्हा भिंत कडक होते असं इथे सगळे सांगतात, आणि ४ तारखेला माझं अ‍ॅप पूर्ण मेलं. सिंगापूर नाही, टोकियो नाही, लॉस एंजेलिससुद्धा नाही. मी म्हटलं होईल उद्या. ५ ला संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. दादा कोल्हापुरातून निघाला, सांगलीला दवाखान्यात नेलं, रात्रीत अँजिओप्लास्टी झाली. मला काहीही माहीत नव्हतं. दादा कॉल करतोय, मेसेज करतोय, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण माझा चिनी नंबर लिहिलेली चिठ्ठी आईने देवघरात ठेवली होती आणि त्या गडबडीत ती कोणाला आठवली नाही. ६ ला सकाळी ऑफिसच्या लॅपटॉपवर आमच्या ऑफिसच्या लाइनवरून नेट मिळालं आणि ४३ मेसेज एकदम पडले. सगळ्यात शेवटचा पहिला दिसला, "स्टेंट टाकला, बरे आहेत, झोप." तिथून मी वर वर वाचत गेलो. वरती, पहिला, आईचा व्हॉइस मेसेज होता, सात सेकंदांचा. त्यात ती फक्त "अरे उचल ना" म्हणतेय.

सपोर्टशी भांडलो ते यानंतर. अकरा दिवस सेवा बंद होती, तेवढे दिवस वाढवून द्या, एवढंच म्हणणं होतं. त्यांनी सांगितलं लॉग (कनेक्शनची नोंद) पाठवा, लॉग पाठवायचं पान त्यांच्या साइटवर, साइट बंद. ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवले तर म्हणे वेगळ्या नेटवर्कचे लॉग चालत नाहीत. शेवटी उत्तर आलं की चीनमध्ये सेवेची हमी नाही असं अटींमध्ये लिहिलंय. मग जाहिरातीत चीनचा झेंडा कशाला लावता? ज्या ग्राहकाला तुमची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच हमी नाही, आणि पैसे मात्र पूर्ण वर्षाचे आगाऊ. दोन स्टार, यापेक्षा जास्त देणार नाही.

पण राग फक्त कंपनीवर काढून चालत नाही, कारण खरं बघायला गेलं तर व्हीपीएनची गरजच नव्हती. वीचॅट इथे मख्खनासारखं चालतं. आईच्या फोनवर वीचॅट असतं तर गौरीची आरती मी पूर्ण बघितली असती आणि ५ मार्चला दादाचा कॉल लागला असता. ते नाही कारण २९ जून २०२० ला आपल्या सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉकबरोबर वीचॅटही होतं. गलवाननंतरचे दिवस होते, मी स्वतः ती यादी फॅमिली ग्रुपवर टाकली होती आणि खाली तिरंगा लावला होता. आज मला ते आठवतं. माझ्या बाजूने व्हॉट्सअ‍ॅप चीनने बंद केलं, आईच्या बाजूने वीचॅट भारताने, आणि दोन्ही सरकारांचं कारण एकच शब्दात, सुरक्षा. सैनिक गेले होते, राग खरा होता, डेटाची काळजीही खरी असेल. पण युयाओत बसलेल्या माणसाने आईशी बोलायचं कसं हे तेव्हा कोणी विचारात घेतलं होतं का? आयटी कायद्याच्या कलम ६९अ खालचे असे आदेश नियमानेच गोपनीय असतात, त्यामुळे विचारायची सोयही नाही.

दादाला हे बोललो तर तो म्हणाला, चीनचं काय सांगतोस, २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात नेट बंद केलं तेव्हा तू पुण्यात होतास, मला पेट्रोलचे पैसे द्यायला रोख नव्हती. बरोबर आहे त्याचं. काश्मीरला ४जी परत यायला ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ उजाडला, दीड वर्ष, तेव्हा मी त्यावर एक ओळ वाचली नव्हती. तिकडच्या मुलांचेही आईबाप कुठेतरी दवाखान्यात असतीलच की. आणि माझ्या अ‍ॅपमधला "इंडिया" सर्व्हर भारतात नाहीच. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हरच उचलले. हे मी नेटबँकिंगला लॉगिन होत नाही म्हणून शोधत बसलो तेव्हा कळलं.

आता ज्याने माझं काम झालं ते. एप्रिलमध्ये यिवूला कापडाचा धंदा करणारा इचलकरंजीचा एक जण भेटला, त्याने विचारलं तू हाँगकाँगचं सिम का घेत नाहीस. परदेशी सिम रोमिंगवर असलं की त्याचा डेटा आधी त्या सिमच्या देशात जातो आणि तिथून बाहेर पडतो, त्यामुळे इथली भिंत लागत नाही. भारतीय सिमचं रोमिंगही चालतं, फक्त पॅक महाग आणि नियम भारताचे लागतात. हाँगकाँगच्या सिमला मला महिन्याला साधारण पाचशे रुपये पडतात, डेटा मोजून मिळतो, पिक्चर बघायचे नाहीत, पण कॉलला पुरतो. दहा महिने मला हे कोणी सांगितलं नाही याची हळहळ वाटते. व्हीपीएन मी वर्षाचं रिन्यू करणार नाही, महिन्याचं घेईन, लॅपटॉपपुरतं, आणि चिनी नंबरची चिठ्ठी आता आईच्या फोनच्या कव्हरमध्ये आहे, दादाच्या पाकिटातही आहे.

रविवारी या सिमवरून पहिल्यांदा तासभर बोललो. बाबा उठून बसले होते, स्वतः चहाचा कप धरून. आवाज लगेच जात होता, लगेच येत होता, एकदाही तुटला नाही. आईला सांगितलं की आता थांबायची गरज नाही, मध्ये बोललीस तरी चालेल. ती हो म्हणाली, बाबांच्या गोळ्यांचं सगळं सांगितलं, सकाळची कुठली, रात्रीची कुठली, आणि मग नेहमीसारखी थांबून म्हणाली, "बोल आता."