सपाट प्रवाळबेट की डोंगराळ ज्वालामुखी बेट?
सुट्टीत नुसतं पडून राहायचं असेल तर प्रवाळबेट. मालदीवची बहुतेक बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम १-२ मीटर उंच; लहान बेटाला अर्ध्या तासात प्रदक्षिणा होते. प्रवाळभिंत लाटा अडवते, म्हणून आतलं पाणी शांत. मात्र ओहोटीला ते गुडघ्याखाली जातं आणि प्रवाळाने पाय कापतात. भरतीची वेळ बघूनच उतरा, पायात रबरी बूट हवेतच. भिंतीतल्या खिंडीजवळ पोहू नका, तिथे ओढ जबर असते.

हिंदी महासागरातल्या रीयुनियनसारख्या ज्वालामुखी बेटावर ३,००० मीटरवर गेलेलं शिखर, धबधबे, जंगलवाटा. डोंगर ढग अडवतात, त्यामुळे पूर्वेला धो-धो पाऊस. मुक्काम कोरड्या पश्चिमेलाच करा. शार्कमुळे पोहणं लगून (प्रवाळभिंतीच्या आतलं उथळ पाणी) आणि देखरेखीच्या किनाऱ्यांपुरतंच. चौथ्या दिवशी वाळूचा कंटाळा येणाऱ्यांनी हेच निवडावं.