कॅरव्हॅनच्या चाकांत हवा किती? प्रेशर सेन्सरच्या काही महिन्यांच्या वापरानंतर

कारमागे छोटी कॅरव्हॅन जोडून मुंबईहून पवना, भंडारदरा किंवा अलिबागच्या बाजूला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना चाकांतल्या हवेबद्दल जितके विचारले जाते, तितके गाडीच्या मायलेजबद्दलही विचारले जात नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही वाल्वच्या टोपणाच्या जागी बसणाऱ्या सेन्सरचा संच घेतला आणि यंदाचा मे महिना सरेपर्यंत तो सतत वापरला. माझे मत अनुकूल आहे, पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करते : या क्षणी चाकात किती दाब आहे एवढेच हा संच सांगतो. किती असायला हवा, हे आपले आपणच ठरवावे लागते, आणि खरे काम तेच आहे.

आमच्या दोन चाकी कॅरव्हॅनला एकच अ‍ॅक्सल असून तिचे टायर १८५ आर १४ सी या मापाचे, म्हणजे व्हॅनला बसतात तसे आहेत. टायरच्या बाजूवर भार-निर्देशांक १०२ आहे, म्हणजे एका चाकावर जास्तीत जास्त ८५० किलो, आणि तेही ६५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाब असताना. हा आकडा कमाल भारासाठीचा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आंतरजालावरचा बराचसा सल्ला अमेरिकी ट्रेलरांना धरून दिलेला असतो. तिकडच्या ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर, म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या) प्रकारच्या टायरांचे उत्पादक सहसा बाजूवर छापलेला पूर्ण दाबच ठेवायला सांगतात. व्हॅनच्या टायरांवर एवढ्या वजनाच्या कॅरव्हॅनसाठी तो सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही.

म्हणून आधी वजन. कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या परिसरात ट्रकांसाठीचे वजनकाटे आहेत. पाण्याची टाकी, गॅस, अंथरूण-पांघरूण, भांडी असे सगळे भरून, कार काट्याबाहेर आणि कॅरव्हॅनची चाके काट्यावर अशा रीतीने वजन केले, तेव्हा अ‍ॅक्सलवर १०८० किलो भरले. मग काटेवाल्या काकांना विनंती करून फक्त डावे चाक काट्यावर घेतले. काटा जमिनीच्या पातळीत असला तरच हे जमते. डाव्या चाकावर ५८० किलो भरले, म्हणजे उजव्यावर ५००. ओटा, बॅटरी आणि पाण्याची टाकी हे सारे डावीकडेच असल्याने हा फरक पडतो, आणि एकूण वजनाला दोनने भागून दाब ठरवणारा माणूस नेमका इथे फसतो. ट्रकचा काटा साधारण १० किंवा २० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो, त्यामुळे थोडी जास्तीची सोय ठेवावी लागते. जड चाकाचा भार धरून टायर-उत्पादकाच्या तक्त्यात पाहिले, त्यावर थोडी भर घातली आणि दोन्ही चाकांसाठी ५० पीएसआय ठरवले. ६५ वर सिमेंटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला कॅरव्हॅन उडायची आणि आतल्या कपाटांची दारे उघडायची. ५० वर ती शांत चालते.

दाब कमी पडणे मात्र जास्त पडण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. टायरची बाजू सतत दबत राहते, आतून तापते आणि शेवटी फाटते. शिवाय कारचे चाक बसले तर स्टिअरिंग लगेच सांगते, पण मागच्या कॅरव्हॅनचे चाक बसल्याचे चालकाला पुष्कळदा चिंध्या उडू लागल्यावरच कळते. या संचावर पैसे घालण्याचे माझ्या मते हे एकमेव, पण पुरेसे कारण आहे.

आता संचाविषयी. बसवायला सोपा, पण सेन्सरचे वजन रबरी वाल्ववर टाकू नये. आम्ही आधी धातूचे वाल्व बसवून घेतले. इशारा ४३ च्या खाली आणि ६२ च्या वर वाजेल असा ठेवला आहे. डॅशबोर्डवरच्या पडद्यापर्यंत सिग्नल नीट पोहोचतो. कॅरव्हॅन लांब असेल तर मध्ये सिग्नल पुढे पोहोचवणारा रिपीटर लागेल. तापमानाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. सेन्सर टायरच्या बाहेर वाऱ्यात असतो, त्यामुळे आतली हवा खरी किती तापली आहे, हे त्याला कळत नाही. चोरी होऊ नये म्हणून दिलेला लॉकनट हा तर निव्वळ ताप आहे : हवा भरायची म्हटले की पाना काढा, नट सैल करा, सेन्सर काढा आणि मग पुन्हा सगळे उलट्या क्रमाने.

या आकड्यांनी शिकवले पुष्कळ. मुंबईत सकाळी २८ अंशांना भरलेले ५० पीएसआय लोणावळ्यात थंडीच्या पहाटे १२ अंशांना साधारण ४७ ते ४८ दिसतात. निव्वळ तापमानाचा हिशेब केला तर घट साडेतीनच्या आसपास यायला हवी. परंतु घाटमाथ्यावर बाहेरच्या हवेचा दाबच सुमारे एका पीएसआयने कमी असतो आणि गेज तर आतला व बाहेरचा फरक मोजतो, म्हणून घट थोडी झाकली जाते. उलट, दुपारी एक्स्प्रेसवेवर तेच चाक ५६–५७ वर जाते. हे वाढणे अपेक्षितच आहे. तापलेल्या टायरातली हवा कधीही काढू नये. दाब मोजायचा तो थंड टायरचा, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतरचा.

संचाची किंमत वसूल झाली ती खालापूरच्या पुढे. उजवे चाक नेहमीसारखे तापून वर चढत होते आणि डावे मात्र ५२ वर अडून, मग ५१, मग ४९ असे उतरू लागले. इशारा वाजायला अजून वेळ होता, पण दोन चाकांतला हा विसंवादच पुरेसा बोलका होता. बाजूला सुरक्षित जागा पाहून थांबलो, तर नक्षीत एक स्क्रू रुतलेला. स्टेपनी चढवली आणि पुढे निघालो. तेव्हापासून मी एकट्या आकड्याऐवजी दोन चाकांमधला फरक पाहते.

पेट्रोल पंपावर हवा भरायला कॅरव्हॅन घेऊन जाणे ही वेगळीच कसरत. पाइप पलीकडच्या चाकापर्यंत पोहोचत नाही, आणि “पन्नास टाका” म्हटल्यावर “मॅडम, एवढी? फुटेल हां!” हे ठरलेले. त्यांचे गेज आणि माझे गेज यांत दोन-तीन पीएसआयचा फरक पडतो, म्हणून १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवते; तो लवकर तापतो, तेव्हा एक चाक झाले की त्याला विश्रांती द्यावी. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि तापल्यावर त्याचा दाबही जवळजवळ तितकाच वाढतो.

एक तक्रार उरते. आमची कॅरव्हॅन खाडीजवळच्या भाड्याच्या जागेत उभी असते आणि तिथल्या खाऱ्या दमट हवेत सेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या पितळी वाल्वला पांढरी बुरशी धरल्यासारख्या चिकटतात. एक सेन्सर पकडीने काढताना वाल्वच फिरू लागला होता. आता पावसाळ्यात कॅरव्हॅन उभी करताना सेन्सर काढून डब्यात ठेवते, वाल्वला साधी टोपणे लावते आणि नव्या मोसमात आट्यांना किंचित ग्रीस लावूनच ते परत बसवते. संचासोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.