१५ वरून २१: रिम बदलून आठ महिने झाल्यावर

माझ्या सायकलीला ३२ चे (म्हणजे ३२ मिमी रुंदीचे) टायर आणि जुन्या रिम होत्या, आतून १५ मिमी रुंद. दोन वर्षं त्यावर फिरलो. वळण घेताना मागचं चाक हलतंय असं सारखं वाटायचं. हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, बेअरिंग बघून झाले, तारा ताणल्या, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढला, दोष कशातच नव्हता. हवा ७५ पीएसआय केली की हलणं थांबायचं, पण मग रस्त्यावरचा प्रत्येक खडा मनगटात कळायचा. ६० वर आणली की पुन्हा तेच.

शेवटी एकदा चाक काढून हातात धरलं आणि टायर समोरून बघितला. वर गोल फुगलेला, खाली रिमपाशी चिंचोळा, अगदी बल्बसारखा. इतक्या अरुंद बुडावर उभा असलेला टायर कमी हवेत कडेला झुकणार नाही तर काय होणार? इतके दिवस मी दोष हबमध्ये शोधत होतो.

नवीन रिम घेतानाही आधी फसलोच. जाहिरातीत '२३ मिमी' होतं, मी खूश. चाक बांधायच्या आधी सहज व्हर्नियर लावला तर आतलं माप १७.५ निघालं. २३ हे बाहेरचं माप होतं. टायरला बाहेरच्या मापाशी काही देणंघेणं नाही, त्याच्या कडा आत बसतात आणि त्या दोन भिंतींमधलं अंतरच कामाचं. रिम परत केली. आता मी फक्त रिमवरचा आकडा वाचतो. ६२२×२१ म्हणजे टायर जिथे बसतो तो व्यास ६२२ मिमी आणि आतली रुंदी २१. टायरवर ३२-६२२ असतं, त्यातला ६२२ जुळायलाच हवा. ३२ चं मात्र तसं नाही, तो टायर कोणत्या रिमवर चढतो त्यावर खरी रुंदी ठरते.

हे मी मोजून बघितलं. तोच टायर, तेवढीच हवा, रात्रभर तसाच ठेवून सकाळी माप घेतलं. १५ च्या रिमवर ३०.४ मिमी, २१ च्या रिमवर ३२.७. रिम आतून १ मिमी वाढली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो असं म्हणतात, माझा हिशेब जवळपास तसाच आला. म्हणजे दोन वर्षं मी ३२ समजून ३० चाच टायर चालवत होतो!

हब जुनेच ठेवले. नव्या रिम थोड्या खोल असल्यामुळे तारा मात्र आखूड लागल्या, जुन्या चालल्या नाहीत. हा खर्च आधी डोक्यात नव्हता. रिमला घासणारे ब्रेक असतील तर आणखी एक कटकट: बाहेरची रुंदी २० ची २६ झाली, त्यामुळे केबल सैल करून ब्रेकचे रबर नव्याने लावावे लागले. हवा भरलेलं चाक आता रबरांच्या मधून निघत नाही, दर वेळी ब्रेकची कळ उघडावी लागते. डिस्क ब्रेकवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

दुसऱ्या आठवड्यात मागचं चाक पंक्चर. टायर आतून बोटाने चाचपला, ना काटा ना काच. ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात धरली तर भोक रिमच्या बाजूला. रिमची पट्टी उचलून पाहिली आणि स्वतःवरच चिडलो, कारण जुनी १६ मिमीची पट्टी मी काटकसर म्हणून तशीच लावली होती. ती एका बाजूला सरकली होती आणि तारेच्या भोकाची धार उघडी पडली होती. आतली रुंदी वाढली की पट्टीही रुंद घ्यावी लागते, एवढी साधी गोष्ट. त्यानंतर त्या बाजूने एकही पंक्चर नाही.

आता चालवण्याबद्दल. माझं वजन ७४ किलो. मागे ५८ आणि पुढे ५४ पीएसआयवर फिरतोय आणि वळणावरचं ते हलणं गेलं. टायर रुंद झाला की तेवढ्याच दाबाला त्याच्या कापडावर ताण जास्त येतो, म्हणून कमी हवेतही तो घट्ट वाटतो. शिवाय पाया रुंद, त्यामुळे उभाही सरळ राहतो. खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून होणारी दोन भोकांची पंक्चर पूर्वी महिन्याआड व्हायची, या आठ महिन्यांत एकच झाली. वेगात मला फरक जाणवला नाही. ज्यांना जाणवतो त्यांच्याशी वाद नाही.

मध्येच एक आगाऊपणा केला. जुना २५ चा टायर पडून होता, तो पुढे चढवला. रिमसोबतच्या कागदावर किमान २८ स्पष्ट लिहिलेलं असूनही. टायर वरून चपटा झाला, बाजू ताठ उभ्या राहिल्या आणि रिमची कड टायरच्या बरोबरीला आली. एकदा फुटपाथच्या कडेला रिम खरवडली, त्याच दिवशी तो काढला. रुंद रिम म्हणजे सरसकट चांगली असं नाही. २५ वर फिरणाऱ्याची १५-१७ ची रिम ठीक चालत असेल तर तिला हात लावायची गरज नाही. आणि हुक (टायरची कड धरून ठेवणारा रिमच्या भिंतीचा आत वळलेला काठ) नसलेली रिम घेणार असाल तर टायर त्यासाठी चालतो का हे आधी बघा, शिवाय ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या पुढे हवा भरायची नाही. माझ्या रिम हुकवाल्या आहेत, मुद्दाम.

मागचा टायर आता मधोमध सपाट झालाय, बदलायला आला. ३५ चा घ्यायचा मोह होतोय, पण चेनच्या बाजूला फ्रेम आणि टायर यांच्यात साडेचार मिमीच उरलेत आणि पावसात तिथे चिखल अडकून रंग आधीच घासलाय. म्हणून पुन्हा ३२ च.