तंबू धुतलाच नाही, सर्टिफिकेट मात्र हातात

चिपळूणच्या एका कुटुंबाने न्यूझीलंडला बिऱ्हाड हलवताना तंबू, ट्रेकिंगचे बूट, दोन सॅक आणि स्टोव्ह असं वापरलेलं सामान बोटीने पाठवलं. सामान नेणाऱ्या एजंटाने त्यासाठी 14,000 रुपये वेगळे घेतले. "धुऊन, फ्युमिगेशन करून, सर्टिफिकेटसकट पाठवतो, तिकडे कोणी खोलूनही बघणार नाही," असं तो म्हणाला. तिकडे सगळं खोलून बघितलं. तंबूच्या कोपऱ्यांत गुहागरची वाळू, खुंट्यांना लाल माती, फ्लायच्या (तंबूवरच्या आच्छादनाच्या) शिवणीत आघाड्याच्या बिया आणि कुसळं! खोकी म्हणजे आंब्याच्या जुन्या पेट्या, आत भाताचा पेंढा. पेट्या, पेंढा नष्ट केला गेला. साफसफाईचा आणि पुन्हा तपासणीचा खर्च कुटुंबाच्या माथी आला. एजंट आता फोन उचलत नाही.

या फसवणुकीची मेख समजून घ्या. फ्युमिगेशन म्हणजे विषारी वायूची धुरी. तिने किडे मरतात, माती आणि बी जागच्या जागी राहतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे अधिकारी तंबूत नेमकी मातीच शोधतात, त्यामुळे सर्टिफिकेट अस्सल असलं तरी मळका तंबू सुटत नाही. इथे तर तेही खोटं होतं: त्यावरची तारीख सामान उचलण्याच्या आदल्या दिवसाची! लाकडी पेट्यांना मिथाइल ब्रोमाइड या वायूची धुरी 24 तास द्यावी लागते. सकाळी नेऊन संध्याकाळी "झालं" म्हणणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. कागदावर वायूचं नाव, मात्रा, तास, तापमान आणि संस्थेचा मान्यता क्रमांक असायला हवा. केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या यादीत ती संस्था आहे का, ते पैसे देण्याआधी बघा.

धुणं घरीच करा, कठीण नाही. आधी कोरडा तंबू उलटा करून झटका आणि मऊ ब्रशने झाडा. पाणी आधी लावलंत तर मातीचा चिखल होऊन शिवणीत मुरतो. मग बाथरूममध्ये थंड पाण्यात सौम्य साबण घालून स्पंजने पुसा. वॉशिंग मशीन, गरम पाणी, ब्लीच नकोच, आतला जलरोधक थर सुटतो. झिपचे दात जुन्या टूथब्रशने घासा, वेल्क्रोतल्या बिया चिमट्याने एकेक काढा. पोलचे तुकडे सुटे करून आतली वाळू ठोकून काढा. खुंट्या अर्धा तास साबणाच्या पाण्यात भिजवून घासा. बुटांच्या नाड्या आणि आतला तळ काढा, सोलच्या खाचा टोकदार काडीने कोरा. सॅकचे कप्पे उलटे करा, बियांचा खरा साठा तिथेच सापडतो.

वाळवताना सगळी मेहनत वाया जाते ती अंगणात. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा गवतावर ओला तंबू पसरला की शेण, गवत, बी पुन्हा चिकटतं आणि शेण तर तपासणीत मातीइतकंच वाईट. पडवीत दोरीवर, सावलीत टांगा. आपल्या दमट हवेत कापड वरून वाळतं पण शिवण ओली राहते. शिवणीवर टिश्यू पेपर दाबून धरा, ओल लागली तर आणखी एक दिवस. ओला घडी केलेला तंबू बोटीवर आठवडे बंद राहिला की बुरशी ठरलेलीच.

भरायला नवी पुठ्ठ्याची खोकी घ्या. फळांची, अंड्यांची खोकी, पेंढा, सुकं गवत, काथ्या काहीही नको. लाकडी पेटी लागलीच तर तिच्यावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडी पॅकिंगवर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का बघा. गॅसचा डबा इथेच सोडा, पेट्रोलचा स्टोव्ह रिकामा करून वास जाईपर्यंत उघडा ठेवा. यादीत "वापरलेलं कॅम्पिंग सामान" असं स्पष्ट लिहा, लपवू नका. विमानाने हातासोबत नेलेली अशी वस्तू न्यूझीलंडमध्ये जाहीर केली नाही, तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो.

तरीही काम दुसऱ्याला दिलंत, तर पॅकिंग स्वतः उभं राहून बघा आणि प्रत्येक वस्तूचा उघडा फोटो काढा. पावती, सर्टिफिकेट, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि तिकडच्या तपासणीचा कागद जपून ठेवा. ऑनलाइन पैसे घेऊन एजंट गायब झाला तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. सेवेतल्या फसवणुकीसाठी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते.